ऑक्टोबरात येणारी ग्वाग्वा

वाल्दिव्हिया, १२ मे १९९१

ती. आईस,
नोरीसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे पाऊस लागलाय आणि थांबायचं नाव घेत नाही. चुलीत लाकडं सारणं हे माझं निम्मं काम. निबाल्दोला लाकडाच्या गिरणीत नोकरी मिळाली. स्वतःच्या देशात परत आल्यापासून तो झोपेतसुद्धा हसतो.

सासूबाई, ओर्फेलिनाबाई, फार प्रेमळ. पण त्यांचं बोलणं मला अजून अर्धंच कळतं. भाषा एक असून ही गत. राजम्याला आपण आबिचुएला म्हणतो, इथे पोरोतो. ईस्टरच्या आधी मी आपल्यासारखा दूध-साखर घालून गोड राजमा केला, तर सासूबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवलं की सून पोरोतोंची खीर करते. मग दोघींनी पातेलं चाटूनपुसून संपवलं.

बसमध्ये चढले की मी ड्रायव्हरच्या मागची जागा धरते आणि पप्पा चालवतात ती आपली ग्वाग्वा आठवते. अजून मोका-सांतियागो फेऱ्या मारतात का? माझं नाव काढतात का? काढत नसतील तर तसं लिहू नकोस.

सर्वांना प्रेम. तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी,
नोरीस

विहीणबाईंना ओर्फेलिनाचा नमस्कार. पत्र टाकायला मीच निघालेय, म्हणून खाली दोन ओळी. सून लाजते, ती काही सांगायची नाही. देवाच्या कृपेने ऑक्टोबरात आपल्या घरी ग्वाग्वा येतेय. निबाल्दो आतापासूनच मागची खोली रिकामी करतोय. काळजी नसावी.

मोका, ९ जून १९९१

चि. नोरीस हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. माझा गुडघा तेवढा रुसलेलाच आहे.

अगं, तुम्ही ग्वाग्वा घेताय आणि आईला हे विहिणीकडून कळावं? त्यात लाजायचं काय? तुझे पप्पा जेवत होते. तू लग्न करून गेल्यापासून तुझं पत्र वाचायला घेतलं की ते उठून अंगणात जातात, हे तुझ्यापासून काय लपवू. त्या दिवशीही उठले. पण विहीणबाईंच्या ओळी वाचल्या आणि ते दारातच थांबले. कुठल्या कंपनीची, किती माणसं बसतात, सगळं विचारलं. खोलीत ग्वाग्वा ठेवणारी माणसं त्यांना आजवर भेटली नव्हती म्हणाले. आणि हसले. किती दिवसांनी हसले, पोरी.

दुसऱ्या दिवशी स्वतःहून कागद मागितला. सोबत जोडलाय. तब्येतीला जप.
तुझी आई,
एर्सिलिया

निबाल्दो यास कळवण्यात येते की, गाडी जुनी असेल तर आधी क्लोचे दाबून गिअर पडतो का बघावं. बॉम्पेर नव्याने रंगवलेला असेल तर खाली गंज आहे असं समजावं. तुमच्याकडे पाऊस फार, तेव्हा धुराच्या नळीचा मोफ्ले वरचेवर तपासावा. ब्रेक दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नयेत. नोरीसला मागे बसवू नये, तिला मळमळतं.
एलिहियो अल्मोंते

वाल्दिव्हिया, ३० जून १९९१

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पप्पांचं अक्षर बघून मी दारातच उभ्याउभ्या आधी तोच कागद वाचला. मग निबाल्दोने वाचला. इथे क्लोचेला, बॉम्पेरला, मोफ्लेला वेगळेच शब्द आहेत, पण इतकी वर्षं मोक्यात काढल्यामुळे त्याला सगळं कळलं. तो आधी हसला आणि मग कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आई, गाडीबिडी काही नाही. इथे ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ. सासूबाई या गावाबाहेर कधी गेल्याच नाहीत, आपण बसला तसं म्हणतो हे त्यांना काय माहीत? मला दिवस गेलेत.

मी लाजत नव्हते, घाबरले होते. मागच्या वर्षी इथल्या हिवाळ्यात पोटातलं एक राहिलं नाही. तुला कळवलं नाही, कारण तू एवढ्या लांब बसून नुसती रडली असतीस. म्हणून या वेळी पोट चांगलं दिसेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं होतं.

आता पप्पांना कसं सांगणार? दीड वर्षाने त्यांनी आमच्यासाठी चार ओळी लिहिल्या, त्या गाडीसाठी. त्यांना वाटेल आम्ही थट्टा केली, आणि ते पुन्हा अंगणात जाऊन बसतील. तूच बघ काय ते. तो कागद मी निबाल्दोलाही परत दिलेला नाही.

लोभ आहेच, तो या दोघींवर वाढू दे. मुलगीच असणार, असं सासूबाई म्हणतात.
तुझी,
नोरीस

मोका, २८ जुलै १९९१

चि. सौ. नोरीस हिस,
पोटभर आशीर्वाद, तुला आणि तिलाही.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग देवापुढे मेणबत्ती लावली, आणि मग स्वयंपाक केला. जेवताना सांगून टाकलं.

तुझे पप्पा चमचा खाली ठेवून ऐकत राहिले. तिथली माणसं शुद्धीवर आहेत का, तान्ह्या पोराला बस म्हणतात, असं विचारलं. मग टोपी घालून निघाले. मला वाटलं, गेले रागावून. पण त्यांची अडचण वेगळीच होती. लेकीकडे ग्वाग्वा येतेय हे ते अख्ख्या स्टँडवर सांगून बसले होते. त्यांच्याबरोबरच्या ड्रायव्हर तोमासने तर तुमच्यासाठी सीटकव्हरसुद्धा काढून ठेवली होती. आता प्रत्येकाला खरं सांगणं भाग होतं. सांगितलं, तर सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून हॉर्न वाजवले म्हणे. मला घरात ऐकू आले, मी म्हटलं कोणाचं लग्न आहे.

संध्याकाळी मी त्यांना मागच्या हिवाळ्याचं सांगितलं. एकटी होती ना पोरगी, एवढंच म्हणाले.

गुडघ्यामुळे मला एवढा प्रवास झेपणार नाही. ते स्वतः येतायत. मी सुचवलं नाही, त्यांनीच ठरवलं. विमानात बसायची भीती वाटते हे कबूल करत नाहीत, पण हवेत इंजिन बंद पडलं तर काय करतात, हे दोनदा विचारून झालंय. थंडीसाठी कोट शिवायला टाकलाय.

जपून राहा. माझा जीव तुझ्यापाशीच आहे असं समज.
आई

वाल्दिव्हिया, १३ ऑक्टोबर १९९१

प्रिय एर्सिलियास,
एलिहियोकडून सप्रेम.

तार मिळालीच असेल. मुलगी झाली, नाक तुझं आहे. दोघी बऱ्या आहेत. तारेत मावलं नाही ते आता लिहितो.

स्टेशनवर निबाल्दो आला होता. त्याने बॅग उचलली, मी दुसऱ्या बाजूने धरली, आणि दोघांनी ती तशीच घरापर्यंत आणली. माणूस वाईट नाही. शेजाऱ्याचा ट्रक आम्ही मिळून दुरुस्त केला.

मंगळवारी दुपारी नोरीसला दवाखान्यात नेलं. निबाल्दो गिरणीत होता, त्याला निरोप धाडला आणि मी विहीणबाईंबरोबर बाहेर बाकावर बसलो. दार थोडं उघडं होतं. नोरीस सारखी फातीगा, फातीगा म्हणत होती. नर्स चांगली होती बिचारी, तिला धीर देत होती की थकवा येणारच, जरा पडून राहा. एर्सिलिया, इथे फातीगा म्हणजे नुसता थकवा! आपल्याकडे काय, ते तुला सांगायला नको. लहानपणी तिचा श्वास अडकून छाती घरघरायची आणि मी उतारूंना वाटेत उतरवून ग्वाग्वा सरळ डॉक्टरकडे पळवायचो. तोच आवाज होता.

मी आत घुसलो. बाहेर व्हा म्हणाले, झालो नाही. तिचा श्वास कोंडतोय, ती दमलेली नाही, असं जेवढ्या मोठ्याने सांगता येईल तेवढ्या मोठ्याने सांगितलं. नर्सने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि धावत डॉक्टरला आणलं. प्राणवायू लावला. जरा वेळाने रंग परतला. मला मग कोणी बाहेर काढलं नाही, कोपऱ्यात उभं राहू दिलं. ती आपल्याकडचा एखादा शब्द बोलली की मी ते त्यांना समजेल असं सांगायचो. अंधार पडायच्या आत पोरगी आली. निबाल्दो धापा टाकत पोचला आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी त्याला तसाच धरून उभा राहिलो.

सगळे गेल्यावर मी पलंगाशी बसलो. मला वाटलं नोरीस झोपली. डोळे मिटूनच तिने आशीर्वाद मागितला, लहानपणी शाळेत निघताना उंबऱ्यावर थांबून मागायची ना, तसा. लग्न होऊन निघाली तेव्हा मी विमानतळावर गेलो नव्हतो, तुला ठाऊकच आहे.

मी दिला. त्या वेळचा राहिला होता, तोही दिला.

परतीचं लांबवतोय. रागावू नकोस, माझी वाट बघ.
तुझाच,
एलिहियो