तीनच्या जागी आठ

दादा,

बाबांचे कपडे आणि टॉवेल घेऊन हॉस्पिटलात जातेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. तू कपाटावर टाकलेलं त्यांचं जीपीएस मी खाली काढलंय. चिडू नकोस, आधी वाच.

पायाला प्लॅस्टर घालून पडलेल्या माणसाला तू सुनावलंस, "लोकांनी लपवलेले डबे शोधत हिंडायची हौस फिटली ना?" ते म्हणाले, "माझंच चुकलं. वय झालं, आकडे वाचता येत नाहीत." जन्मभर जमिनी मोजलेला माणूस असं म्हणाला आणि तुला ते पटलं. मीही गप्प बसले.

मोतीबिंदू झाल्यापासून, त्यांच्या या खेळात डबा लपवलेल्या जागेचे जे आकडे मिळतात, ते त्या यंत्रात मीच भरून देते. त्या दिवशी फोनवर बोलता बोलता भरले आणि तीनच्या जागी आठ पडला. डबा बागेतल्या बाकाखाली होता, यंत्राचा बाण त्यांना जुन्या खाणीकडे घेऊन गेला आणि ते तिथे पडले. दुसऱ्या कुणी दिलेला आकडा ते दोनदा ताडून बघतात. माझा कधीच नाही.

तुला दाखवायचं म्हणून आज यंत्र उघडलं, तर आकडा बरोबर. तीनच. तू घरी आणण्याआधी दोन दिवस ते हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी होतं, तेव्हाच त्यांनी डोळे ताणून बदलला असणार. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

पण चालून गेलेल्या वाटेची रेघ पुसायचं त्यांना सुचलं नाही. यंत्र टेबलावर चालूच ठेवलंय, बघ. ती सरळ खाणीत जाते.

धाकटी