पान्यावरचा स्टिकर

मंगळवार, संध्याकाळचे सात. नंदनवन, घरी.

आज मिहानच्या हँगरमध्ये विमानाच्या चाकाचे नट आवळले गेले आणि तपासणारी म्हणून दुसरी सही मी केली. नेमक्या जोराने नट आवळणाऱ्या ज्या टॉर्क पान्याने ते आवळले, त्याच्या स्टिकरवरची अचूकता-तपासणीची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली आहे. विमान उद्या सकाळी उडणार.

आमचे सिनियर रामटेके दादा यांना सांगितलं. ते हसले. "चार दिवसात पाना बिघडते का वं? नट पक्के हायेत. उगाच काहून घाबरून राहिली?"

त्यांचं माप परिणामाचं. अपघात नाही, तर चूक नाही. नियमाचं माप उलट: मुदत संपली म्हणजे सही चुकीची, नट कितीही पक्के असोत. कॉलेजात नीतिशास्त्राच्या पेपरात हे दोन्ही लिहून मी चांगले गुण मिळवले होते. तिथे कोणाचं विमान उडणार नव्हतं.

घरी आईने चेहरा ओळखला, तेव्हा तिलाही सांगितलं. विहारात ऐकलेलं तिला पुरतं. "कर्म मनात घडते, बाई. तुया मनात खोट होती का?"

"नव्हती."

"मंग जेव शांतपणे."

जेवले नाही. स्टिकर सहीनंतर दिसला, असं मी दोघांनाही सांगितलं. खरं तर आधीच दिसला होता. दादा पेन पुढे धरून उभे होते, आणि मी नजर वळवली. आईचं माप सर्वांत सौम्य वाटलं होतं. त्यातच मी सुटत नाही.

आत्ता शिफ्ट इन्चार्जना फोन केला. नट पुन्हा आवळतील. माझा सहीचा अधिकार बहुतेक जाईल.

"स्टिकर केव्हा दिसला?" त्यांनी विचारलं.

"सहीच्या आधी."