शेजारच्या कॉटवर शिट्टीबाई

३ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचले एकदाची! खोली दोघींची आहे, पण दुसरी कॉट रिकामी, म्हणजे सध्या मीच इथली मालकीण. खिडकीतून सायकल-स्टँड दिसतो. आणि मुख्य म्हणजे संडास कॉटपासून फक्त नऊ पावलांवर. अकरा वर्षं क्रोन्स नावाचं आतड्याच्या सुजेचं दुखणं पोटात घेऊन हिंडणारी बाई कुठंही गेली की आधी हेच मोजते. माणसं नंतर, संडास आधी.

ही वही आहार बघणाऱ्या सिस्टरनं दिली. काय खाल्लं, किती वेळा जाऊन आले, ते लिहायचं. एवढी कोरी पानं असताना नुसते आकडे काय लिहायचे? बाकीचंही लिहीन.

सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. लहान आतड्याचा शेवटचा वीतभर भाग सुजून सुजून आतून इतका आवळलाय की त्यातून पेन्सिलही जायची नाही. तो कापायचा. मग टाके भरेपर्यंत काही महिने पोटाला भोक पाडून तिथं पिशवी. सोबत आलेली माझी थोरली बहीण, आक्का, डोळ्याला पदर लावून बसली. मी म्हटलं, अगं रडतेस काय, पिशवी लागली की कुणाची परवानगी मागायला नको! तिला हसू आलं नाही. मला आलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोट साफ करायचं औषध पाजलंय. नऊ पावलं आज वीसेक वेळा चालून झाली. मधल्या वेळात कालचं ते परवानगीचं डोक्यातून जात नाही, तर लिहूनच टाकते.

मी शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायचे. आमच्या लाइनवर चाळीस बायका आणि संडासला जायला एक पितळी बिल्ला. तो सुपरवायझर बाईच्या टेबलावर. तिच्या गळ्यात शिट्टी असायची म्हणून आम्ही तिला शिट्टीबाई म्हणायचो. मी तिला आजार सांगितला, डॉक्टरची चिठ्ठीही दिली. तिनं ती सगळ्या लाइनला मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणाली, कामचुकारपणाला आता इंग्रजी नाव मिळालं.

मग तो दिवस. मी तीनदा विचारलं, "जाऊ का, बाई?" तिसऱ्या वेळी तिनं बिल्ला मुठीत घेतला आणि म्हणाली, "थांब. पाळी आली की."

पाळी आली नाही. चाळीस मशीन एकदम थांबली. तिनं शिट्टी फुंकली, मशीन परत सुरू झाली, आणि सगळ्यांसमोर मला माझं स्टूल धुवायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यात पाऊल टाकलं नाही.

नऊ वर्षं झाली त्याला. असेल कुठंतरी मजेत. अशांना काय धाड भरते!

८ फेब्रुवारी, शनिवार

ऑपरेशन बुधवारी झालं. आज पहिल्यांदा पेन धरवतंय. खोकला आला की टाके उसवताहेत असं वाटतं, म्हणून पोटावर उशी दाबून खोकायचं, ही आक्काची युक्ती.

पिशवीची सिस्टर आली होती. आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून शिवलंय. लाल, ओलं. सिस्टर म्हणते, गुलाबाच्या कळीसारखं. मला ते जीभ काढून कुणाला तरी वेडावतंय असं वाटतं. त्याला बोट लावलं तरी काही कळत नाही. तिथं दुखण्याच्या नसाच नसतात म्हणे. ते दिवसभर आपलं आपलं वाहतं, मला विचारत नाही की कुणाला विचारत नाही. पाच चमचे पेज जिरली. आक्का हसली. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुपारी शेजारच्या कॉटवर एक पेशंट आणून टाकली. आतड्याला पीळ पडला म्हणून तातडीनं पोट उघडलेलं. नाकात नळी, आवाज घोगरा, हातपाय काड्या. पुतणी सोडून गेली ती गेलीच.

तिनं मान उचलून हनुवटी पुढं केली आणि वॉर्डच्या आयाला, मावशीला, पाणी मागितलं. मी त्या हनुवटीकडं बघत राहिले.

शिट्टीबाई.

तिनं मला ओळखलं नाही. माझं निम्मं वजन गेलंय. म्हणाली, "तुमचंही पोटच का, ताई?" मी हो म्हटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिच्या बाजूची बेल बिघडलीय. दोघींत एकच, लांब वायरची, मधल्या स्टुलावर. दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ, वॉर्डचं दार बंद असतं. बेल दाबल्याशिवाय कुणी फिरकत नाही.

अडीचला तिनं हाक मारली. तिला लागली होती, भांडं हवं होतं आणि बेल हाताला येत नव्हती. मी हात लांब केला. बेल उचलली. आणि म्हटलं, "थांबा. पाळी आली की."

तिनं बघितलं. काही आठवलं नाही तिला! मी चाळिसातली एक, तिनं कशाला लक्षात ठेवावं?

चारला मावशी आली तेव्हा सगळी चादर बदलावी लागली. शिट्टीबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. संध्याकाळी मी वाटीभर सूप प्याले. इतकं चवदार सूप कित्येक वर्षांत प्याले नव्हते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज दोन वाजायच्या आतच बेल उशीखाली घेतली. ती "ताई, ताई" करत राहिली, मी डोळे मिटून घेतले. साडेतीनला तिनं ताई म्हणणं सोडलं आणि विचारलं, "जाऊ का?"

मी शिकवलं नव्हतं. तिचं तिनंच विचारलं.

कुणाला सांगू नये इतकं गोड वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ती उठली. नळीसकट, सलाइनसकट. कॉटची कड धरून निघाली, संडासकडं. पाचव्या पावलाला पडली. डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तोंडातून आवाज आला नाही, फक्त बोटं हलत होती.

बेल माझ्या पाठीखाली होती. मी दाबली. लगेच नाही. घड्याळाचा काटा बघत होते. किती वेळ, ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर, आयसीयूत, तिचा जीव गेला.

चौकशीला आले तेव्हा बेल स्टुलावर होती, मीच ठेवली होती. मग ठपका मावशीवर आला: बेल वाजत असणार, ही झोपली असणार. मावशीला घरी पाठवलं. जाताना ती मला म्हणाली, तुम्ही जाग्या होतात ना हो, सांगा की यांना. मी म्हटलं, मला डोळा लागला होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कॉट धुतली. नवी चादर, कडक.

सकाळपासून पिशवीत काही नाही. सिस्टर म्हणाली, होतं कधीकधी, चाला थोडं. चालायचं तर ती कॉट ओलांडायची. नाही चालले.

अडीचला शेजारून आवाज आला. घोगरा. जाऊ का?

उशी कानावर दाबली. चादरीवर एकही सुरकुती नव्हती. मी दोनदा बघितलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पिशवी कोरडी. पोट नगाऱ्यासारखं. कळ येते, वर चढते, दाराशी थांबते — परत फिरते. अकरा वर्षं जे पोट क्षणभर थांबलं नाही, ते आता —

नाकात नळी घातली. सर्जन म्हणतात, आत कुठंतरी अडलंय. उद्यापर्यंत बघू, नाहीतर परत उघडू.

दोन वाजता शेजारून 'जाऊ का?' सुरू झालं. मी मोठ्यानं म्हटलं, जा! जा की! हजारदा जा! ती विचारतच राहिली. चारपर्यंत. मग कळलं, तिला माझी परवानगी नकोच होती. तिला —

बेल दाबली. सिस्टर आली ती सरळ त्या कॉटकडं वळली. क्षणभरच. कपाळ चोळत म्हणाली, चुकून हो, इथं कुणीतरी आहे असंच वाटतं.

आक्काला सांगायला हवं मावशीचं. उद्या सांगते. उद्या नक्की.

१६ फेब्रुवारी, रविवार

चारला ऑपरेशन. आत्ता तीन.

आज आवाज नाही. पावलं. चौकटीपासून इकडं. या खेपेला ती पडत नाही —

गादी दबली. माझ्या पायाशी. मग कमरेशी.

तिचा अंगठा. पोटावरच्या तोंडावर. बाटलीवर ठेवावा तसा. तिथं काही कळत नाही म्हणाली होती सिस्टर. कळतंय. गार आहे —

बेल वाजतेय, मी दाबतेय, बाहेर वाजतेय, ऐकू येतेय —

आक्का! आक्का आली दारात. देवा —

हसतेय. माझ्याकडं नाही, हिच्याकडं बघून. म्हणतेय, बसा बसा, उठू नका. किती माया करता हो तिच्यावर. नळीमुळं माझा आवाज — नुसती घरघर —

आक्का, मान डोलावू नको. ती काय सांगतेय ते ऐकू नको. मावशी जागी होती आक्का, मीच बेल —

आक्का म्हणतेय, तुम्ही आहात ना जवळ, मग मी जरा खालून औषधं घेऊन —

दार नको लावू आक्का, ही दाब