मास्तरांची अफू

जुने शहर, अकोला

माये, तुझ्या पायाले हात लावतो.

लिहू लिहू म्हणता पोळा गेला, रागावू नको. मी बरा आहे. गाय व्याली का?

इथं नत्थुजी मास्तरांची सेवा करून राहिलो. गळ्याच्या कॅन्सरनं तळमळतात. म्हणतात, "लेका, जास्तीची अफू दे, मोकळं कर मले." वकिलाले विचारलं तर खेकसला, "त्यायनं मागितली तरी जेलात तूच जाशील!"

कापूस वेचायले जाताना तू मले अफूची गोळी देऊन निजवायची. मी तर मागितलीही नव्हती. मग हेच पाप कसं? हात पुडीकडे जाते, परत येते. काय करू, सांग.

थांब, दारात टांगा आला. मास्तरांशी बोलणं टाकलेली त्यांची लेक, पंचफुला, उतरून राहिली. खिडकीतून पाहून मास्तर म्हणतात, "लेका, आधी माझी दाढी कर."

घाईत,
तुझा चंद्रभान