दादाच्या वजनाचा शॉकअप

आप्पा,

आज दुपारी माझ्या सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा माळ्यावरून ती जुनी सायकल खाली काढली आणि तिचा पुढचा शॉकअप खोलला. वरचं झाकण गंजून बसलं होतं. तेल सोडून ठेवलं, दोन शिव्या घातल्या, मग हललं. झाकणाखालून आधी पाइपाचा एक तुकडा निघाला आणि मग स्प्रिंग. पाण्याच्या लाइनीचा करडा पाइप, बोटभर लांब. मी बघताक्षणी ओळखला. असे तुकडे कापून तुम्ही पत्र्याच्या डब्यात ठेवायचात आणि दूधवाल्यांच्या गाड्यांच्या शॉकअपात स्प्रिंगवर बसवायचात, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबलेली राहते आणि गाडी वजनानं खाली बसत नाही. दोन्ही कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. तुमच्याशिवाय एवढी निगुती कोण करत होतं? तो तुकडा हातात घेऊन मी बराच वेळ बसले, आणि मग इतका राग आला की हातातला पाना फेकून मारला. भिंतीला लागला. तुम्ही समोर असतात तर तुम्हाला लागला असता, खोटं कशाला बोलू.

घोडेगावच्या रस्त्यावरचं आपलं गॅरेज आता राहिलं नाही. तिथं मोबाईलचं दुकान आहे. पण बाजाराच्या दिवशी त्या जागेवरून गेले की मला अजून तुमच्या गाड्यांची रांग दिसते. दूधवाले, शेळ्यांचे व्यापारी, कडब्याच्या पेंढ्या नेणारे. कुणाच्याही गाडीला हात लावायच्या आधी तुम्ही विचारायचात, "रोजचं वजान किती असतंय? खरं सांग." गडी हसून कमीच सांगायचा. मग तुम्ही त्याला गाडीवर बसवायचात, मागं कॅन अडकवायला लावायचात, आणि स्वतः उकिडवे बसून शॉकअपच्या नळीला तळवा आडवा धरायचात, किती खाली येतंय ते बघायला. "ज्याच्या बुडाखाली गाडी, त्याच्या वजनाला ती बसली पायजे," हे तुमचं वाक्य साऱ्या बाजाराला पाठ होतं. एका व्यापाऱ्याला तर तुम्ही दोन शेळ्या मागं बांधायला लावल्या होत्या. त्या बें बें करून गाव डोक्यावर घेत होत्या आणि तुम्ही शांतपणे तळव्यानं माप घेत होतात. शेळीचं वजन विचारलंत, आप्पा. माझं कधी विचारलं नाहीत.

सायकल तुम्ही भिंगारच्या लष्करी कॅम्पातून आणलीत. कुठल्या तरी साहेबाची बदली झाली होती, त्यांच्या पोराची गिअरची सायकल, पुढं शॉकअपवाली. अशी सायकल आमच्या बापजन्मात कुणी पाहिली नव्हती. ओट्याला टेकवून तुम्ही म्हणालात, "दोघांची हाय. भांडू नका." दोघांची म्हणजे कशी, तर दादा तिच्यावर बसून चौकातल्या पानटपरीपर्यंत जायचा आणि मी शाळेत, मळ्यात, सुट्टीच्या दिवशी इमामपूरच्या घाटात. दादा तेव्हाच ऐंशी किलोच्या घरात होता, घरातलं तूप सगळं त्याच्याच अंगाला लागायचं. मी म्हणजे काडी. त्याच्या निम्मी भरले असते का नाही, शंकाच आहे. पण घाट मी चढायचे. उतरताना दगडगोट्यांवरून चाक कसं मऊ मऊ खाली-वर व्हायचं, पोटात गुदगुल्या व्हायच्या. तेवढ्या वेळेपुरती मी कुणाची लेक नव्हते, कुणाची बहीण नव्हते.

मग ती शर्यत आली. चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर, शाळेतल्या मुलामुलींची, मातीच्या वाटेनं वर जायचं आणि दुसऱ्या अंगानं खाली यायचं. मुलींत पहिली येईल तिला पुण्याला सायकलच्या शिबिरात घेणार होते. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिकडंच. आमच्या खेळाच्या बाई म्हणाल्या होत्या, "तू नाही तर कोण गं?" ते ऐकल्यापासून मला झोप लागत नव्हती. मला जायचंच होतं, आप्पा. जगात दुसरं काही नको होतं.

आदल्या दिवशीची दुपार अजून डोळ्यांपुढं आहे. आई मळ्यात गेलीय. मी चुलीपुढं बसून तुमच्या गॅरेजातल्या माणसांच्या भाकरी थापतेय. बाहेर ओट्यासमोर तुम्ही सायकल उलटी केलीय, चेन धुताय, ग्रीस लावताय. माझ्या शर्यतीसाठी, तुम्ही, स्वतःच्या हातानं! मला इतका आनंद झालाय की तव्यावरची भाकरी करपते. तेवढ्यात तुमची हाक येते. मला वाटतं, आता म्हणणार, ये, बसून बघ. "चहा टाक गं दोन कप," तुम्ही म्हणता. चहा घेऊन मी बाहेर येते तर दादा सायकलवर बसलाय, दोन्ही पाय उचलून, एक हात भिंतीला. तुम्ही उकिडवे, तळवा शॉकअपला आडवा. "लई दबतीय अजून," दादा म्हणतो. "थांब, तुकडा टाकतो एक," तुम्ही म्हणता आणि माझ्याकडं न बघता कपाला हात घालता. मी बशी धरून उभी. मला वाटतं, गाडी झकास होतेय. तुमच्या हातावर माझा तेवढा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी डोंगर मी सगळ्यांच्या आधी चढले. कडक शॉकअप चढाला बरा पडतो, दम वाया जात नाही, हे आज कळतं. वर पोचले तेव्हा माझ्या पुढं एकही मुलगी नव्हती. आणि मग उतार लागला. पहिल्याच दगडांना पुढचं चाक चेंडूसारखं टणकन उडालं. खाली टेकतंय न टेकतंय तोच परत वर. ब्रेक दाबले तरी चाक जमिनीवर असेल तर धरणार ना! मनगटं बधिर झाली, हँडल हातात आहे का नाही ते कळेना, आणि वळणावर सायकल सरळ गेली. मी दगडांवर. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. बाकीच्या मुली एकेक करून शेजारून निघून गेल्या.

तुम्ही खालून पळत आलात. पळत आलात हे खरं, ते नाकारत नाही. मी रडत म्हणाले, "आप्पा, गाडी उडत होती. चाक खाली टेकतच नव्हतं." तुम्ही सायकल उभी केलीत, हँडलवर तुमच्या अंगाचा सगळा भार टाकून दोनदा दाबून पाहिलीत. दबली. तुमच्या वजनाला दबणारच ती. आणि बाई, पोरं, पालक, सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "गाडीला काय धाड भरलीय? नाचता येईना अंगण वाकडं. गाडी ठनठनीत हाय, चालवनारी कच्ची हाय." लोक हसले. बाई नाही हसल्या, माझा खांदा बांधत राहिल्या. दादा पुढं वर्षभर मला 'ए कच्चे' म्हणूनच हाक मारायचा, आणि तुम्ही त्याला एकदाही गप बस म्हणाला नाहीत.

अंगण वाकडंच होतं, आप्पा. आणि ते तुम्ही वाकडं केलं होतं.

हाड जुळलं. सायकल माळ्यावर गेली, कारण दादाला तोवर मोटारसायकल मिळाली होती. तुम्ही गेलात. मी पुण्यात एका सायकलच्या दुकानात बिलं करायला लागले, शिबिरासाठी नाही तर पोटासाठी पुणं पाहिलं. तिथं सगळ्यात आधी जे शिकले ते हेच, की बसल्यावर शॉकअप जरासा दबलाच पाहिजे, पाव हिस्सा तरी. आधी दबलेला असला तरच खड्डा आल्यावर चाक खाली जाऊ शकतं. बसूनही दबला नाही, तर खड्ड्यात चाक लोंबकळतं आणि दगडावर उडतं. म्हणून आधी माणसाचं वजन विचारायचं. हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात ती कपबशीची दुपार चमकून गेली. पण झाकण खोलायची हिंमत झाली नाही. नगरला परत येऊन स्वतःचं दुकान टाकलं, सायकल घरून आणून दुकानाच्या माळ्यावर ठेवली, तरी नाही. कारण आत काही निघालं नसतं तर? तर मग मी खरंच कच्ची होते, असंच झालं असतं ना.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिच्या सायकलला हवेवर चालणारा शॉकअप, छोट्या पंपानं वजनाप्रमाणं हवा भरायची. मी मुलीला विचारलं, "वजन किती गं बाळा?" ती तोंड उघडायच्या आत बापच म्हणाला, "साठचं धरून भरा ताई. वाढत्या अंगाची हाय, परत परत कुठं यायचं." परकर घ्यायचा तसा शॉकअप, दोन वर्षं पुढचा! माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, गाडीवर बसनार कोन, तुमी का ती?" तो माणूस वरमला. मुलगी मात्र माझ्याकडं बघून हसली, आणि हळूच म्हणाली, "बेचाळीस." तिला बसवून, नळीवर रबराची रिंग सरकवून किती दबतोय ते बघितलं आणि बेचाळीसलाच माप लावून दिलं. ते गेले आणि माझं कशात लक्ष लागेना. म्हणून आज ती सायकल काढली.

संध्याकाळी घरी जाऊन आईला तुकडा दाखवला. तिला आता कमी दिसतं, बोटांनी चाचपून म्हणाली, "ह्यांचाच हाय." मी विचारलं, "आई, त्यांनी मुद्दाम केलं का गं? मी पुण्याला जाऊ नये म्हणून?"  आईनं तुकडा माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाली, "न्हाई गं बाई. मुद्दाम कशाला करतील? सायकल दादाची हुती, दादाला बसवून बघितली. तुज्या वजनाचं त्यांच्या डोक्यात आलंच नसंल."

तिला वाटलं, यानं मला बरं वाटेल. आप्पा, मुद्दाम केलं असतंत तर मी तुम्हाला माफ केलं असतं. निदान एक रात्र तरी माझा विचार करून तुम्हाला झोप लागली नाही, असं म्हणता आलं असतं. त्या दुपारी मी दहा पावलांवर होते. हाक मारलीत ती चहासाठी.

आता हे ऐका. आईला जेवू घालून परत दुकानात आले, स्प्रिंग धुतली, ग्रीस भरलं, पाइपाशिवाय बसवली आणि सायकलवर बसले. भसकन खाली. खोलली, तुमचा तुकडा घातला, परत बसले. पाव हिस्सा. बरोबर पाव. चाळिशीनं मला दादाच्या वजनाला नेऊन ठेवलंय, आप्पा. तुम्ही बसवलेला शॉकअप आज माझ्या मापाला आलाय. मी एकटीच इतकी हसले की शेजारचा चहावाला डोकावून गेला.

हे पत्र कुठं टाकणार? उद्या या कागदानं चेनचं तेल पुसलं जाईल. रविवारी त्या डोंगरावर जाणार आहे, त्याच उतारानं खाली येणार आहे, आणि पडणार नाही, ते मला माहीत आहे. एवढंच सांगते, की तुकडा निघाला तर फेकून द्यायचा ठरवून शॉकअप खोलला होता आणि फेकला नाही. आणि खाली पोचले की तुम्ही जिथं उभे होतात तिकडं मी बघणार. बघू नये म्हणते, पण बघणार.