पोकळी मोकळी नसते

सर,

पोकळीला कुणी मोकळी म्हटलं की तुम्ही भडकायचात. अजून डोळ्यांसमोर येतं: तुम्ही कॉलेजातून रिटायर झाला आहात, बजाजनगरच्या तुमच्या स्वयंपाकघरात काकू चहा गाळतायत आणि तुम्ही मला रागावताय, "पोरी, मिट्ट अंधारातसुद्धा उजेडाची बारीक खळबळ चालूच असती. ती खरी धर, मग फोटॉन नावाचे दाणे लागतच नायत." स्क्वीझ्ड लाइट म्हणजे तीच खळबळ एका बाजूनं दाबलेली, गादीतला कापूस इथं दाबला की तिथं वर येतो, तसं. आणि एंटँगलमेंट? एका स्फटिकातून निघालेले दोन किरण लांब जाऊनही एकमेकांशी जुळतात, त्यात तुम्हाला काहीच नवल नव्हतं. "एका घरची हायत, सारखंच बोलणार."

हे सगळं तुम्ही वीस पानांत लिहिलंत, औरंगपुऱ्यातून बाइंडिंग करून आणलंत आणि मी पीएचडीसाठी पुण्याला निघाले तेव्हा माझ्या हातात ठेवलंत. "तुझ्या गाईडला दाखव. चूक म्हणू दे, पण वाचू दे." मी दाखवलं नाही. लाज वाटली, सर. आमच्या मास्तरांचा फोटॉनशी उभा दावा आहे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दर सुट्टीत तुम्ही विचारायचात, "वाचलं का?" मी म्हणायचे, "वाचतायत." शेवटी तुम्हीच काकूंना म्हणालात, "मोठी माणसं, लई कामं असतात त्यांना," आणि परत कधी विचारलं नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आता मी परत येऊन इथंच शिकवते. परवा वर्गात एका मुलीनं अगदी तुमचाच प्रश्न विचारला, "फोटॉन मानायलाच हवेत का?", तेव्हा घरी येऊन ती पानं पहिल्यांदा नीट वाचली. दाबलेल्या उजेडाचं तुमचं गणित बरोबर आहे. नुसती खळबळ मोजायची असेल तर फोटॉनशिवाय भागतं, हे नंतर मीही इतरांकडून शिकले. जोडकिरणांचं मात्र चुकलंय. दोन्ही किरणांची मोजमापातली उत्तरं घरातून निघतानाच ठरलेली असतील, तर त्यांच्या जुळण्याला एक मर्यादा पडते, आणि प्रयोगात ती ओलांडली जाते. चौदाव्या पानावर तुम्ही ते ठरलेलंच धरून पुढं गेलात. गाईडनं दहा मिनिटांत दाखवलं असतं. तुम्ही चिडला असतात, आठवडाभर भांडला असतात, मग पुन्हा लिहायला बसला असतात. ते सगळं मी तुमच्यापासून हिरावून घेतलं.

काकूंना हे पत्र वाचून दाखवावं असं मनात आलं, पण धीर झाला नाही. घडी घालून तुमच्या पानांतच ठेवतेय. आणि सर, तुम्ही विचारायचं बंद केलंत ना, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. हायसं वाटलं होतं.