तुझ्या पार्सलमधले जीव

ता. १४, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? मी बरी आहे, म्हणजे जेवते, झोपते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू विषय बदलतेस आणि मग मी खोकल्यावरच बोलत बसते.

तू तुझ्या प्रयोगशाळेतून पाठवलेले ते कोळंबीचे चुलतभाऊ, तांदळाच्या दाण्याएवढे, मजेत आहेत. माद्या पोटाखालच्या पिशवीत अंडी घेऊन हिंडतात. फक्त माझा प्रयोग काही केल्या होत नाही. अंड्यात सुई घालून एक जनुक कापायचं, की पिल्लाला मिशीच्या जागी पाय फुटतो. कुठे कापायचं तो पत्ता जनुकांच्या नकाशावरून घ्यायचा, सगळं जग वापरतं त्याच. मी पत्ता बरोबर देते, पण कात्री कापतच नाही. शेजारच्या टेबलावर टापटीप, दुसरीकडून आणलेल्या त्याच्या जीवांत, तेच जनुक कापतो आणि त्याच्या पिल्लांना डोक्यावर पाय येतात. टापटीप म्हणजे माझा नवा सहकारी. बाटल्यांची लेबलं एका दिशेला वळवून ठेवतो म्हणून आम्ही त्याला असं म्हणतो.

मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. तो आल्यापासून मला पाण्यात पाहतो. एकदा माझ्या टाकीचं झाकण तिरकं सापडलं, एकदा माझा ड्रॉपर त्याच्या खिशात. मग मी माझे जीव तपासले, तर नकाशाशी जुळेनात. तुला काय सांगायचं, प्रयोगशाळांमधला हा वंश एकाच मादीपासून वाढवलेला आहे, नकाशाही त्याच वंशाचा. आईकडून पिल्लांकडे उतरतो तो वारसा सगळ्यांचा एकच हवा. माझ्या जिवांचा वेगळा निघाला. म्हणजे कुणीतरी समुद्रावरचे पकडून माझ्या टाकीत सोडले. मी तडक आमच्या प्रमुख मॅडमकडे गेले आणि त्याचं नाव घेतलं.

मॅडमनी त्याची किल्ली काढून घेतली. पंचवीस तारखेला समिती बसणार आहे, त्याची नोकरी जाईल असं दिसतंय. परवा जिन्यात भेटला. म्हणाला, "तुमच्या टाकीला मी एकदाच हात लावला, पंप बंद पडला होता तेव्हा. सांगायला हवं होतं."

"चोराच्या मनात चांदणं," मी म्हटलं. तो खाली उतरला.

पण मग मलाच चैन पडेना. तुझीच शिकवण ना, पार्सल आलं की टाकीत सोडण्याआधी त्यातले थोडे स्पिरिटमध्ये घालून ठेवायचे? मी ठेवले होते. तेव्हा टापटीप इथे आलाही नव्हता. ते तपासायला दिले आणि आज निकाल आला. त्यांचाही वारसा तोच, वेगळा.

पार्सल तू तुझ्या हाताने बांधलं होतंस. वाटेत काय होणार बंद बाटलीत? विद्यार्थ्यांनी घोळ घातला म्हणावं, तर तू कुणाला टाक्यांपाशी उभं करत नाहीस. आईच्या आजारपणात तू कित्येक आठवडे घरी होतीस. टाक्यांकडे कोण बघतं असं मी विचारलं, तर म्हणालीस, "मरत नाहीत गं ते." परत गेल्यावर मला बंदरावरचा फोटो पाठवलास. हातात जाळी, आणि म्हणे फिरायला आलेय. तुला कधीपासून फिरायला आवडायला लागलं?

मेले होते ना सगळे?

त्यानंतरच तू ती यादी केलीस, गर्भ वाढताना कुठलं जनुक कधी जागं होतं त्याची; म्हणजे तीही बंदरावरून पकडलेल्या जिवांचीच. लोक ती नकाशाशेजारी ठेवून काम करतात. तुझं पद तिच्यावर उभं आहे हे मला कळतं, म्हणून तर खोकल्यापासून सुरुवात केली.

माझ्या मानगुटीवर संशयाचं भूत बसलेलं असतं, असं तू लहानपणापासून म्हणतेस. असेलही. या वेळी ते खोटं ठरावं असं मला फार वाटतंय. आईसाठी तू जे केलंस ते मी विसरलेले नाही. पण त्याची भरपाई टापटीपने का करायची? मॅडमना तू स्वतः कळव. नाही कळवलंस तर पंचवीस तारखेला स्पिरिटची बाटली घेऊन मी त्याच्या शेजारी बसेन.

सोबत एक रिकामी बाटली पाठवतेय. तुझ्याकडे जुन्या वंशातला एक जरी जीव उरला असेल तर तिच्यात घालून पाठव, मी तुझे पाय धरून माफी मागेन. नसेल, तर बाटली परत करू नकोस.

अजून तरी तुझ्यावर विश्वास ठेवू पाहणारी,
तुझी धाकटी